उंदराचं ऑपरेशन करताना भूल देतात का? आणि भूल उतरल्यावर काय होतं?

प्रयोगशाळेतल्या उंदराचं ऑपरेशन करायचं असेल, तर आधी त्याला भूल देतात का?

हा प्रश्न कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून बघा. निम्मे लोक हसणारे इमोजी टाकतील, उंदराला कसली आलीय भूल म्हणून. उरलेले निम्मे छातीठोकपणे सांगतील की लॅबमध्ये जिवंत उंदीर तसेच कापतात, त्यांनी व्हिडिओत बघितलंय.

दोघांचंही चुकतंय. उंदराला भूल देतात आणि ती देण्याबद्दल भारतात १९६० पासून कायदा आहे. पण भूल हा या गोष्टीचा अर्धाच भाग झाला. ऑपरेशन संपतं, भूल उतरते, उंदीर पिंजऱ्यात परत जातो, लॅबमधले दिवे बंद होतात. त्यानंतर त्याला किती दुखतंय हे कोण बघतं, हा उरलेला अर्धा भाग. त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी थोडा विरोधाभास बघा. भाईंदर पूर्वेत नवघर रोडवरच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात उंदरांसाठी काही आहे का विचारलं, तर दुकानदार चिकट पुठ्ठा काढून देतो. ग्लू ट्रॅप. उंदीर त्यावर अडकला की सुटायच्या धडपडीत स्वतःची कातडी सोलून घेतो, रात्रभर ओरडतो आणि सकाळी पुठ्ठ्यासकट कचऱ्यात जातो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने या सापळ्यांविरोधात राज्यांना सूचना दिल्या आहेत, पण घरोघरी ते सर्रास वापरले जातात. आता याच उंदराचा पांढरा चुलतभाऊ, भाईंदरहून लोकल पकडून दादरला उतरलं की हाकेच्या अंतरावर असलेल्या परळमधल्या एखाद्या प्रयोगशाळेत राहत असेल, तर त्याच्या पोटावर दीड सेंटिमीटरचा छेद घ्यायलाही एका समितीची लेखी मंजुरी लागते. वेदनेचं काय करणार, हे अर्जात आधीच लिहून द्यावं लागतं.

उंदीर म्हणजे नेमका कोण?

मराठीत आपण सगळ्यांनाच उंदीर म्हणतो. फार तर मोठा दिसला की घूस म्हणून मोकळे होतो. प्रयोगशाळेत मात्र दोन वेगळे प्राणी असतात. एक माऊस, वजन साधारण २० ते ४० ग्रॅम, म्हणजे पाचेक चमचे साखरेएवढा जीव. दुसरा रॅट, पाव ते अर्धा किलोचा. पुढे सगळीकडे हेच दोन शब्द वापरलेत, कारण भुलीच्या बाबतीत या दोघांत बराच फरक पडतो.

यांच्यावर ऑपरेशन कशासाठी करतात? रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं ठिसूळ का होतात हे शोधायला मादी रॅटची अंडाशयं काढतात. पक्षाघाताचा अभ्यास करायला मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी काही वेळ बंद करतात. हार्ट ॲटॅकच्या अभ्यासासाठी हृदयाची बारीक धमनी बांधतात. कॅन्सरच्या गाठी रुजवतात, मग काढून बघतात. जखम भरून आणणारं नवं मलम, मग ते ॲलोपॅथिक असो की आयुर्वेदिक, आधी रॅटच्या पाठीवर केलेल्या जखमेवर लावून बघतात. ही शेवटची कामं फक्त मोठ्या संस्थांतच होतात असं नाही. फार्मसी कॉलेजांच्या प्राणिगृहांमध्ये एम.फार्मचे विद्यार्थीही ती करतात.

मुंबईत या कामाचा सगळ्यात जुना पत्ता परळचा. प्लेगच्या काळात वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. तिच्या आसपासच आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावरची राष्ट्रीय संस्था आहे आणि १८८६ मध्ये सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे, पुण्यात एनसीसीएस आणि आयसर. या सगळ्या ठिकाणच्या संशोधनात माऊस आणि रॅट लागतात.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी १९५० च्या दशकात खासगी विधेयक आणलं होतं, पुढे सरकारने स्वतः कायदा केला. या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या एका ओळीत आहे: माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. म्हणजे उंदीर आपोआपच आत आला.

यात काय विशेष, असं वाटेल. पण अमेरिकेच्या प्राणी कल्याण कायद्यात संशोधनासाठी वाढवलेले माऊस आणि रॅट हे ‘प्राणी’ या व्याख्येतच बसत नाहीत. २००२ मध्ये तसं स्पष्टपणे कायद्यात लिहून त्यांना बाहेर ठेवलं गेलं. तिथे त्यांच्यासाठी दुसरे नियम आहेत, सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना ते पाळावे लागतात. तरी मूळ कायद्याच्या नजरेत सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्राणी हा प्राणीच नाही, ही गंमत आहेच.

आपल्याकडच्या कलम १७ मध्ये प्रयोगांबद्दल बऱ्याच गोष्टी आहेत. ऑपरेशन असलेले प्रयोग शक्यतोवर पुरेशा ताकदीची भूल देऊनच करावेत, म्हणजे प्राण्याला वेदना कळणार नाहीत. भुलीखाली असतानाच इतकी इजा झाली की जाग आल्यावर त्याचे फार हाल होतील, तर त्याला शुद्धीवर येऊच न देता मारावं. नुसता हात बसावा म्हणून प्राण्यावर ऑपरेशनचा सराव करू नये. आणि जे काम लहान प्राण्यांवर भागतं, त्यासाठी मोठे प्राणी वापरू नयेत. त्या कलमात लहान प्राण्यांची उदाहरणं दिली आहेत: गिनिपिग, ससे, बेडूक आणि रॅट.

शेवटचा मुद्दा परत वाचा. कुत्र्या-माकडांना वाचवायला कायद्याने उंदराला पुढे केलंय. हेतू चांगला आहे. पण त्याच्यामुळे सगळा भार अशा प्राण्यावर आला, ज्याची वेदना ओळखणं कुत्र्याच्या वेदनेपेक्षा कितीतरी अवघड आहे.

अंमलबजावणीसाठी केंद्रीय समिती आहे. वर्षानुवर्षं ती सीपीसीएसईए या नावाने ओळखली जायची, आता नाव सीसीएसईए झालंय. १९९८ च्या नियमांनुसार प्रयोग करणाऱ्या संस्थेला तिच्याकडे नोंदणी करावी लागते आणि स्वतःची नैतिक समिती नेमावी लागते. त्या समितीत संस्थेतले वेगवेगळ्या शाखांचे शास्त्रज्ञ, पशुवैद्य आणि प्राणिगृहाचे प्रमुख असतात, शिवाय एक बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ, एक शास्त्रज्ञ नसलेली सामाजिक जाण असलेली व्यक्ती आणि केंद्रीय समितीने पाठवलेला प्रतिनिधी. उंदरांवरच्या प्रयोगांना मंजुरी याच पातळीवर मिळते. मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव मात्र वर, केंद्रीय समितीकडे जातात.

आणि नियम मोडला तर? कलम २० प्रमाणे दंड जास्तीत जास्त २०० रुपये. होय, २००. भाईंदर स्टेशनवर विनातिकीट सापडलात तर किमान दंडच २५० रुपये आहे, वर तिकिटाचे पैसे वेगळे. खरा धाक आहे तो दुसऱ्या अधिकाराचा. समिती संस्थेचे प्रयोगच थांबवू शकते.

पाच चमचे साखरेएवढ्या जिवाला भूल

आता प्रत्यक्ष ऑपरेशनच्या टेबलाकडे येऊ. माणसाच्या ऑपरेशनला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. माऊस आणि रॅट यांना उलटी होतच नाही. त्यांच्या शरीराची ठेवणच तशी आहे. त्यामुळे सहसा त्यांना उपाशी ठेवत नाहीत. उलट ठेवलं तर पंचाईत, कारण एवढ्याशा शरीरात साठा तो किती, रक्तातली साखर झपकन उतरते.

माऊसचं हृदय मिनिटाला ५०० ते ६०० वेळा धडधडतं. आपलं ७०-७२. शरीराची चक्रं इतक्या वेगाने फिरत असल्यामुळे औषधही भराभर वापरलं जातं. म्हणून डोस माणसाच्या हिशोबाने काढून चालत नाही. केटामाइन हे भुलीचं औषध माणसाला शिरेतून किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम पुरतं. माऊसला ते पोटात टोचतात आणि झायलॅझिन या दुसऱ्या औषधाच्या जोडीने किलोमागे ८० ते १०० मिलिग्रॅम द्यावं लागतं. टोचण्याची जागा वेगळी आहे हे खरं, पण तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही. अर्थात अख्खा प्राणीच २५ ग्रॅमचा, त्यामुळे त्याच्या वाट्याला येतात जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये एक थेंब इकडचा तिकडे झाला तरी हिशोब बिघडतो. म्हणून टोचण्याआधी प्रत्येक प्राण्याचं वजन करायचं. अंदाजपंचे काम इथे चालत नाही.

रक्ताचंही तसंच. २५ ग्रॅमच्या माऊसच्या अंगात सगळं मिळून दोन मिलिलिटरच्या आत-बाहेर रक्त असतं. छोटा चमचाभरही नाही. ऑपरेशनमध्ये चार-पाच थेंब सांडले म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त रक्त गेलं. आपल्याकडे कापसाचा बोळा लाल झाला तर कुणी बघतही नाही, इथे तो बोळा म्हणजे मोठा रक्तस्राव.

पण भुलीखाली उंदीर दगावण्याचं एक नेहमीचं कारण रक्त नाही की औषधाचा डोसही नाही. थंडी. लहान वस्तू लवकर निवते. चहाचा कटिंग ग्लास पातेल्यापेक्षा आधी थंड होतो, तसंच. भूल दिली की शरीर स्वतःला ऊब देणं थांबवतं. त्यात ऑपरेशनसाठी केस काढलेले, कातडीवर गार स्पिरिट फिरवलेलं. काही मिनिटांतच तापमान घसरायला लागतं. मग औषध शरीराबाहेर पडायलाही वेळ लागतो, भूल लांबते, अंग आणखी गार होतं. म्हणून टेबलावर गरम पॅड, त्याचं तापमान मोजणारा सेन्सर, केस गरजेपुरतेच काढायचे, स्पिरिट जपून वापरायचं आणि सलाइन द्यायचं तर ते कोमट करून. या सगळ्यात महागडं असं काही नाही, फक्त आठवणीने करावं लागतं.

भुलीत उंदराचे डोळे उघडेच राहतात. बुबुळ कोरडं पडून जखम होऊ नये म्हणून डोळ्यांत मलम घालतात.

भूल पुरेशी चढली हे कसं कळतं? आधी प्राण्याला उताणं ठेवतात. शुद्धीत असलेला उंदीर लगेच सरळ होतो. तो झाला नाही की मागच्या पायाच्या बोटांमधली कातडी चिमट्याने दाबायची. पाय मागे ओढला म्हणजे अजून कळतंय, सुरी उचलायची नाही. ही तपासणी एकदाच नाही, ऑपरेशन चालू असताना पुन्हा पुन्हा करायची असते. स्नायू लुळे पाडणारी औषधं देऊन प्राणी हलत नाही म्हणून त्याला दुखत नाही असं धरणं हा तर शुद्ध छळ, आणि पुरेशी भूल नसताना ती औषधं वापरायला समितीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनाई आहे.

पूर्वी काचेच्या बरणीत इथरचा बोळा टाकून उंदराला आत सोडायचे. जुन्या पिढीतल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारा, त्यांना तो वास अजून आठवत असेल. इथर भडका घेणारं आणि नाका-घशाची आग करणारं. आता चांगल्या प्रयोगशाळांत आयसोफ्लुरेन वायूचं यंत्र असतं. ऑक्सिजनबरोबर सुरुवातीला तीन ते पाच टक्के, मग एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान. प्रमाण कमी-जास्त करता येतं आणि नळी बंद केली की मिनिटभरात, फार तर काही मिनिटांत उंदीर उठून बसतो.

इथेच खरी मेख आहे

उंदीर लवकर उठतो, ही आयसोफ्लुरेनची मोठी सोय. पण आयसोफ्लुरेन बेशुद्ध करतं, वेदना कमी करणारं औषध म्हणून त्याचा जवळजवळ काही उपयोग नाही. तो श्वासातून बाहेर पडला की पोटावरच्या ताज्या जखमेसकट प्राणी पूर्ण शुद्धीवर. भूल आणि वेदनाशमन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या बाबतीत हे आपल्याला पक्कं माहीत असतं. सिझेरियन झालेल्या बाईला भूल दिली होती ना, मग आता कशाला इंजेक्शन, असं कुणी म्हणत नाही.

म्हणून वेदनाशामक आधीच द्यायचं असतं, सुरी लागण्याच्या आधी, म्हणजे जाग येईपर्यंत ते कामाला लागलेलं असतं. आणि एकावर भिस्त ठेवायची नाही. छेदाच्या जागी लिडोकेन किंवा बुपिव्हाकेनने कातडी बधिर करायची. ब्युप्रेनॉर्फिनसारखं अफूच्या कुळातलं औषध द्यायचं. सोबत मेलोक्सिकॅमसारखं सूज उतरवणारं. मेलोक्सिकॅम म्हणजे गिधाडं वाचवण्यासाठी गुरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली तेव्हा पर्याय म्हणून पुढे आलेलं औषध. माणसांच्या सांधेदुखीतही ते चालतं.

गोची वेळेची आहे. साधं ब्युप्रेनॉर्फिन माऊसमध्ये काही तासच टिकतं. दुपारी बाराला दिलेला डोस संध्याकाळपर्यंत संपतो आणि उंदीर तर निशाचर, त्याचा दिवस तेव्हा सुरू होतो. रात्री पुन्हा कोण टोचणार? पिण्याच्या पाण्यात औषध मिसळणं सोपं वाटतं, पण ऑपरेशन झालेला उंदीर पाणीच कमी पितो, त्यात नवी चव लागली तर तोंडही लावत नाही. काही संशोधकांनी हेझलनट-चॉकलेट स्प्रेडमध्ये औषध कालवून बघितलंय. रॅट ते आवडीने खातात, फक्त ऑपरेशनच्या आधी दोन-तीन दिवस साध्या स्प्रेडची सवय लावावी लागते. काही देशांत आता दोन-तीन दिवस टिकणारं ब्युप्रेनॉर्फिनही मिळतं.

भारतात आणखी एक अडथळा आहे. ब्युप्रेनॉर्फिन आणि केटामाइन ही दोन्ही औषधं नशेसाठी वापरली जातात, त्यामुळे ती एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहेत. कुलूपबंद कपाट, नोंदवही, मिलिलिटरचा हिशोब. हे नियम आवश्यक आहेत यात वाद नाही. पण लहान कॉलेजमध्ये त्याचा परिणाम असा होऊ शकतो की कागदपत्रांच्या कटकटीपेक्षा सहज मिळेल त्या औषधावर भागवलं जातं. उंदराला काय पुरेल यावर डोस ठरायला हवा, दुकानात काय मिळेल यावर नाही.

उंदराला दुखतंय हे ओळखायचं कसं?

कुत्रा कण्हतो, लंगडतो, आपल्याकडे बघतो. उंदीर असलं काही करत नाही. तो दुसऱ्यांचं भक्ष्य आहे. दुखतंय असं दाखवणारा उंदीर मांजराच्या आणि घुबडाच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे माणूस पिंजऱ्याजवळ आला की तो शहाण्यासारखा गप्प बसतो आणि बघणारा वहीत लिहितो, ‘प्राणी शांत आहे’.

२०१० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या गटाने माऊसच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत मांडली. पाच गोष्टी बघायच्या: डोळे किती मिटलेत, नाकावर फुगवटा आलाय का, गाल फुगलेत का, कान मागे गेलेत का, मिशा ताठ झाल्यात का. प्रत्येकाला ० ते २ गुण. पुढच्याच वर्षी रॅटसाठीही अशी मोजपट्टी आली. सांगितल्यावर सोपं वाटतं, पण तोपर्यंत उंदराच्या चेहऱ्याकडे इतकं निरखून फारसं कुणी बघितलं नव्हतं.

याच गटाने २०१४ मध्ये आणखी एक विचित्र गोष्ट दाखवली. खोलीत पुरुष असला की उंदीर वेदना कमी दाखवतात. बाई असली तर तसं होत नाही. माणूस हजर असायचीही गरज नाही, पुरुषाने रात्री घातलेला टीशर्ट जवळ ठेवला तरी तोच परिणाम. कारण पुरुषाच्या वासाने उंदराला प्रचंड ताण येतो आणि त्या ताणाने वेदना काही काळ दबते. म्हणजे कोण बघतंय त्यावर आकडे बदलतात.

आणखी काही खुणा प्राणिगृहातल्या अनुभवी माणसांना पाठ असतात. घरट्यासाठी टाकलेला कागद-कापूस माऊसने तासाभरात कुरतडून गोळा केला नाही, तर काहीतरी बिनसलंय. रॅटच्या डोळ्यांभोवती लाल डाग दिसले तर नवखे लोक रक्त समजून घाबरतात. ते रक्त नसतं. ताणात किंवा आजारात रॅटच्या डोळ्यांतून लालसर द्रव पाझरतो आणि एरवी तो स्वतः चाटून साफ ठेवतो. डाग दिसतोय म्हणजे त्याने स्वच्छता सोडलीय. आणि सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे वजनकाटा. ऑपरेशननंतर रोज वजन करायचं. २० टक्के घटलं, तर बऱ्याच ठिकाणी तिथेच प्रयोग थांबवतात.

‘औषध दिलं तर निकाल बिघडेल’

वेदनाशामक न देण्यामागे संशोधकांचं नेहमीचं कारण हे असतं आणि ते अगदीच फालतू नाही. मेलोक्सिकॅम सूज कमी करतं. सुजेवरच अभ्यास असेल तर? अफूच्या कुळातली औषधं प्रतिकारशक्तीवर परिणाम करतात. आपल्या मार्गदर्शक सूचनांतही ही फट आहे: अभ्यासाच्या उद्देशाला बाध येत नसेल तर वेदनाशामक द्यावं, असं तिथे म्हटलंय.

पण या युक्तिवादात एक भोक आहे. औषध न दिलेला उंदीर म्हणजे ‘साधा’ उंदीर नाही, तो वेदनेतला उंदीर आहे. त्याच्या रक्तात ताणाची संप्रेरकं वाढलेली असतात, तो खात नाही, झोपत नाही. वेदना हेसुद्धा शरीरात सोडलेलं एक रसायनच आहे, फक्त त्याचा डोस कुणी लिहून ठेवलेला नसतो.

याचं जुनं उदाहरण निजामाच्या हैदराबादचं आहे. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. क्लोरोफॉर्मने माणसं का मरतात, आधी श्वास थांबतो की हृदय, हे शोधायला तिथे १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी निजामाने एक हजार पौंड दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटन हे डॉक्टर आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, हृदयाची काळजी नको. १९११ मध्ये लेव्ही या इंग्लिश डॉक्टरने मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्म हृदय अचानक बंद पाडू शकतं आणि ते घडतं मुख्यतः भूल उथळ असताना. हैदराबादच्या प्रयोगांत ही बाजू निसटून गेली होती. भूल किती खोल होती, या एका गोष्टीने उत्तर फिरलं.

कॅन्सरच्या बाबतीत तर हे आणखी ठळक आहे. गेल पेज आणि शमगार बेन-एलियाहू या संशोधकांनी १९९० च्या दशकापासून रॅटवर केलेल्या कामात दिसलं, की पोटाचं ऑपरेशन झालेल्या रॅटच्या फुफ्फुसात कॅन्सरच्या पेशी जास्त प्रमाणात ठाण मांडतात. वेदनाशामक दिलेल्या रॅटमध्ये हा परिणाम कमी झाला. आता विचार करा, असाच प्रयोग कुणी वेदनाशामक न देता केला आणि गाठी पसरल्या म्हणून नव्या औषधाला नापास केलं, तर नापास औषध झालं की वेदना?

आणि परळचंच उदाहरण. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने देशातल्या ११ केंद्रांवर स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १,६०० रुग्णांची चाचणी केली. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं. २०२३ मध्ये निकाल छापून आले. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण लिडोकेन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के आणि दिलेल्या गटात ९०.१ टक्के. लिडोकेन म्हणजे तेच, दात काढताना हिरडी बधिर करणारं स्वस्त औषध. यात वेदना कमी झाल्यामुळे फरक पडला असं नाही, संशोधकांचा रोख लिडोकेन कॅन्सरच्या पेशींवर थेट काय करतं याकडे आहे. पण बधिर करणाऱ्या एका इंजेक्शनने माणसाच्या जगण्या-मरण्यात फरक पडत असेल, तर २५ ग्रॅमच्या माऊसला कोणती भूल दिली आणि किती, हे शोधनिबंधात न लिहिणं कसं चालेल?

आणि न लिहिण्याची सवय जुनी आहे. न्यूकॅसल विद्यापीठातले प्राण्यांच्या भुलीचे तज्ज्ञ पॉल फ्लेकनेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदरांच्या ऑपरेशनवरचे शोधनिबंध तपासले. १९९०-९२ मध्ये वेदनाशामक दिल्याचा उल्लेख जेमतेम ३ टक्क्यांच्या घरात होता. दहा वर्षांनी तो २० टक्क्यांच्या आसपास पोचला. दिलं पण लिहिलं नाही, असंही काही ठिकाणी झालं असेल. २०१० मध्ये ब्रिटनमधून ‘अराइव्ह’ नावाची नियमावली आली, २०२० मध्ये ती सुधारली गेली. भूल आणि वेदनाशामक कोणतं, किती, केव्हा हे निबंधात लिहा, असं ती सांगते आणि अनेक नियतकालिकं आता तिचा आग्रह धरतात.

टाके, फेविक्विक आणि शुक्रवार

ऑपरेशननंतरच्या काळजीचे बारीकसारीक नियम वाचले तर ते कुणीतरी चुका बघून बघून लिहिलेत हे कळतं. शुद्धीवर येणाऱ्या उंदराला भुशावर ठेवायचं नाही, भुसा नाकाला चिकटतो. कागदावर किंवा कपड्यावर ठेवायचं. तो नीट चालायला लागेपर्यंत जोडीदारांच्या पिंजऱ्यात सोडायचा नाही, ते त्याची जखम चावू शकतात. पण नंतर फार दिवस एकटाही ठेवायचा नाही, कारण एकटेपणाचाही त्याला ताण येतो. बाहेरून घातलेले टाके उंदीर दातांनी सोडवतो, म्हणून टाके कातडीच्या आतून घालतात, नाहीतर धातूच्या क्लिप किंवा खास गोंद वापरतात. हा गोंद म्हणजे फेविक्विकचा वैद्यकीय भाऊच, रासायनिक कुळ एकच. घरी मात्र कुणी पाळीव हॅमस्टरवर फेविक्विकचा प्रयोग करू नये.

आणि शक्यतो शुक्रवारी ऑपरेशन करायचं नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत सकाळ-संध्याकाळ कुणीतरी पिंजऱ्यात डोकावायला हवं, वजन करायला हवं, डोस द्यायला हवा. शुक्रवारी दुपारी ऑपरेशन झालं तर ते दिवस नेमके शनिवार-रविवार. संशोधक घरी, पशुवैद्य फोनवर, आणि प्राणिगृहात येतो तो पिंजरे धुणारा, दाणापाणी बदलणारा कर्मचारी. उंदराचा चेहरा वाचायचं प्रशिक्षण बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं, खरं तर सगळ्यात आधी ते त्यालाच द्यायला हवं.

परवानगीसाठी भरायच्या ‘फॉर्म बी’ मध्ये हे प्रश्न आहेत. वेदना देणाऱ्या कामात भूल किंवा वेदनाशामक टाळणार असाल तर का. ऑपरेशन करणाऱ्याचं नाव, शिक्षण आणि अनुभव. एकाच प्राण्यावर मोठं ऑपरेशन दुसऱ्यांदा करणार असाल तर त्याचं कारण. आणि ऑपरेशननंतर काळजी कशी घेणार त्याचं वर्णन. या शेवटच्या रकान्यात ‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ एवढंच लिहून चालतं का, हे नैतिक समितीच्या बैठकीत ठरतं. तिथे बसलेल्या बाहेरच्या सदस्याने एवढंच विचारायचं असतं: रविवारी सकाळी पिंजरा कोण उघडून बघणार आहे, त्याचं नाव लिहा.